‘बाई, तसा नाय!’

आठवीचा वर्ग. आषाढातली सकाळ. साठ मुलांच्या ओल्या दप्तरांचा कुबट वास आणि खिडकीतून येणारी पावसाची झड. १९८६ सालची ही गोष्ट आहे. पनवेलमधल्या त्या शाळेचं नाव इथे सांगत नाही, कारण तशा शाळा तेव्हा गावोगाव होत्या आणि आजही आहेत. मराठीचा तास म्हणजे बाई धडा वाचणार, मग फळ्यावर शब्दार्थ, मग प्रश्नोत्तरं. ती वहीत उतरवायची, पाठ करायची, परीक्षेत ओकायची आणि वही रद्दीवाल्याला द्यायची.

त्या दिवशीच्या धड्यात कुणाच्या तरी आनंदाला उधाण आलं होतं. बाईंनी फळ्यावर लिहिलं : उधाण म्हणजे भरती. आम्ही खाली माना घालून उतरवून घेतलं. तेवढ्यात शेवटच्या बाकावरून आवाज आला, ‘बाई, तसा नाय!’

तो मुलगा खाडीकाठच्या आगरी गावातून यायचा. वर्षभरात त्याचा आवाज वर्गाने फारसा ऐकला नव्हता. बोलला की पोरं हसत. घोड्याला तो ‘घोरा’ म्हणायचा, गाडीला ‘गारी’, काळ्याला ‘काला’. आताही ‘तसा नाय’ ऐकून वर्ग खदखदला. मीही हसलो. गावातल्या पक्क्या घरातला मी, आपण शुद्ध बोलतो असा माझा ठाम समज होता.

बाई हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. त्यांनी खडू खाली ठेवला आणि विचारलं, ‘मग कसं, सांग बरं.’

तो उभा राहिला. आधी अडखळला. ‘भरती रोजची, बाई. दिसाची दोनदा. उधान वेगला.’ अमावस्येच्या नि पुनवेच्या आगेमागे जे पाणी चढतं ते उधाण. अष्टमीच्या सुमाराला पाणी धड वर येत नाही, धड खाली जात नाही, तो भांग. आणि पाणी किती वाजता भरणार, हे सांगायला घड्याळ लागत नाही. तिथीची पाऊणपट करायची. ‘आज पंचमी. पाचाची पाऊणपट पावनेचार. पावनेचारला खारीला पानी भरल.’

वर्ग गप्प झाला. बाई स्वतःच खुर्चीवर बसल्या आणि विचारत गेल्या. तो सांगत गेला. खाऱ्या पाण्याला अडवायला गावाने घातलेला मातीचा बांध. त्या बांधात बसवलेली लाकडी दाराची उघाडी. भरतीचं पाणी बाहेरून दाबतं, तेव्हा ती आपोआप मिटते. ओहोटी लागली की शेतात साचलेलं पावसाचं पाणी आतून रेटतं आणि ती उघडते. उधाणाच्या रात्री बांधाला खांड पडली की अख्खं गाव कंदील घेऊन चिखलात उतरतं, कारण एकदा खारं पाणी शेतात शिरलं तर पुढची काही वर्षं तिथे भाताचं रोप धरत नाही. अशा एका रात्री त्याचा आजा छातीएवढ्या पाण्यात उभा होता. हे सांगताना मात्र तो अडखळला नाही.

‘उघारी’ हा शब्द त्याने उच्चारला तेव्हा पुन्हा दोघंतिघं फिसकन हसले. बाई उठल्या. फळ्यावर ‘उघाडी’ लिहिलं आणि शेजारी तेवढ्याच मोठ्या अक्षरांत ‘उघारी’. मग म्हणाल्या, ‘ड, र, ल ही अक्षरं एकमेकांच्या घरी जातात, हे जुन्या संस्कृत व्याकरणकारांनीही ओळखलं होतं. हा चुकत नाही. याच्या बोलीचा नियम आहे तो.’ आणि मघाचं ‘उधाण म्हणजे भरती’ त्यांनी डस्टरने पुसून टाकलं. बाईंनी फळ्यावर लिहिलेलं बाईंनीच, एका पोराच्या सांगण्यावरून पुसलं. असं काही आम्ही त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोळीवाड्यातल्या एका मुलाने येऊन सांगितलं, पाणी चार वाजता भरलं. पंधरा मिनिटांची चूक. आमच्या वर्गातल्या घड्याळाची याहून जास्त होती.

साहित्याची गोडी मला लागली ती त्या तासाला. धडा कुणाचा होता ते आज आठवत नाही, त्या फळ्यावरचे दोन शब्द मात्र अजून डोळ्यांसमोर आहेत. ‘उधाण’ हा शब्द तोवर माझ्यासाठी पुस्तकातला मुका दागिना होता. त्या दिवशी त्यातून चिखलाचा वास आला, कंदील हलले, एक म्हातारा पाण्यात उभा राहिला. एका शब्दामागे एवढं सगळं दडलेलं असतं, तर पुस्तकभर शब्दांमागे काय काय असेल? त्या आठवड्यात मी के. गो. लिमये वाचनालयाची पायरी चढलो.

ही आठवण एवढ्यासाठीच सांगितली असती तर तो केवळ जुन्या दिवसांचा उमाळा ठरला असता. पण मला त्यातून एक भांडण मांडायचं आहे. मुलं वाचत नाहीत, मराठी बुडाली, मोबाइलने घात केला, असा गळा काढणाऱ्या आपल्या सर्वांशी ते भांडण आहे. मुलांना साहित्याची आवड लागत नाही, कारण साहित्याच्या दारात पाऊल ठेवण्याआधीच आपण त्यांना पायपुसण्यावर जीभ पुसायला लावतो. तुझं घर, तुझी बोली, तुझ्या आजीचे शब्द बाहेर ठेव आणि मग आत ये, असं सांगतो. जिथे आपल्याला अशी वागणूक मिळते त्या घरावर कुणाचा जीव जडेल?

पनवेलच्या मातीत या प्रश्नाचं एक जुनं उत्तर आहे. केशव सीताराम ठाकरे, म्हणजे प्रबोधनकार, १७ सप्टेंबर १८८५ रोजी याच गावात जन्मले. ‘माझी जीवनगाथा’ या आत्मचरित्रात त्यांनी बालपणीचं पनवेल रंगवलं आहे. त्यांची एक आठवण महाराष्ट्रात पुष्कळ सांगितली जाते. शाळेतून येताना एका महाराची सावली लहानग्या केशववर पडली आणि बरोबरच्या पोरांनी विटाळ झाल्याचा गलका केला. आजीने काय करावं? तिने एका ब्राह्मणाच्या मुलाला पुढे ओढून त्याची सावली नातवावर पाडली. महाराच्या सावलीने महार होत असेल, तर आता याच्या सावलीने हा ब्राह्मण झाला, असा तिचा हिशेब. विटाळाच्या शास्त्राचा निकाल त्या बाईने अंगणात उभ्या उभ्या लावला.

पुढे १९२१ साली ‘प्रबोधन’ हे पत्र काढून भिक्षुकशाहीवर तुटून पडणाऱ्या लेखणीचा पहिला धडा हा असा अंगणात गिरवला गेला. दुसरा धडाही शाळेबाहेरचाच. ‘केरळकोकिळ’ हे मासिक १८८६ पासून चालवणारे कृष्णाजी नारायण आठल्ये पुढे पनवेलला राहायला आले. लेखनातले आपले गुरू म्हणून प्रबोधनकार त्यांचं नाव घेत. शाळकरी वयातच केशवने घरगुती साधनांवर ‘विद्यार्थी’ नावाचं नियतकालिक काढलं. पण परीक्षेच्या फीला पैसे कमी पडले आणि मॅट्रिकची परीक्षा हुकली ती हुकलीच. शिक्का मिळाला नाही, लेखणी मिळाली. कारण पोराच्या शब्दाला किंमत देणारं एक मोठं माणूस घरात होतं आणि एक गावात होतं.

सावलीच्या विटाळाला राज्यघटनेच्या १७ व्या कलमाने गुन्हा ठरवलं. बोलीचा विटाळ मात्र आपल्या वर्गांत आजही सुखाने नांदतो. ‘नाय’ म्हटलं की हशा, ‘पानी’ म्हटलं की हशा. आगरी, कोळी, कातकरी, ठाकर, वऱ्हाडी, अहिराणी, मालवणी बोलणाऱ्या पोराने तोंड उघडलं की शुद्धतेचा सोवळा कद नेसलेला कुणीतरी अंग चोरून उभा राहतो. मुलं हुशार असतात. दोनचारदा हसू झालं की ती तोंड मिटतात. मग आपण प्रगतिपुस्तकात शेरा लिहितो : भाषाविषयात मागे.

आता यावर दोन आक्षेप हमखास येतात आणि ते टाळण्यात अर्थ नाही. पहिला असा की बोलीचे असे लाड केले तर मुलांना प्रमाण मराठी येणार नाही. अर्ज, परीक्षा, नोकरी, सगळीकडे पोर मार खाईल. ही भीती खोटी नाही. प्रमाण भाषा प्रत्येक मुलाला आलीच पाहिजे, खाडीकाठच्या मुलाला तर अधिक चांगली आली पाहिजे. पण आमच्या बाईंनी फळ्यावर काय केलं ते पुन्हा पाहा. त्यांनी ‘उघारी’ लिहिलं, पण ‘उघाडी’ पुसलं नाही. दोन्ही शेजारीशेजारी ठेवले. परीक्षेत कुठला लिहायचा आणि बांधावर कुठला बोलायचा, हे त्या पोराला तेव्हाच समजलं. जिन्याची वरची पायरी चढवायची म्हणून खालची तोडून टाकत नाहीत.

दुसरा आक्षेप शिक्षकांचा. वेळ कुठे आहे? अभ्यासक्रम संपवायचा, चाचण्या घ्यायच्या, माहिती ऑनलाइन भरायची, निवडणुकीची कामं करायची. तक्रार शंभर टक्के खरी आहे आणि सरकारने ती ऐकायला हवी. पण त्या तासाला बाईंनी जास्तीचं काय केलं? त्या खुर्चीवर बसल्या आणि म्हणाल्या, ‘मग कसं, सांग बरं.’ जादा तास लागला नाही, अनुदान लागलं नाही, प्रशिक्षण शिबिर लागलं नाही. लागली ती एकच गोष्ट, जी आपल्याकडे पगारवाढीपेक्षाही दुर्मीळ आहे : आपण लिहिलेलं चुकीचं असू शकतं हे मुलांसमोर मान्य करायची तयारी.

अशी तयारी जिथे जिथे कुणी दाखवली, तिथे मराठी साहित्य श्रीमंत झालं आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुल्यांच्या शाळेत शिकलेल्या मुक्ता साळवे या मातंग समाजातल्या कोवळ्या मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो ‘ज्ञानोदय’ने छापला. तिला ठरावीक विषयावरचं पाठ उत्तर लिहायला लावलं असतं, तर काय मिळालं असतं? फार तर पैकीच्या पैकी गुण. आपल्याच घरच्या दुःखाविषयी लिही, असं वातावरण तिला मिळालं, म्हणून जवळपास पावणेदोनशे वर्षांनंतरही तो निबंध आपल्याला झोपू देत नाही.

बहिणाबाई चौधरींनी तर शाळेचं तोंडही पाहिलं नाही. त्यांचा मुलगा सोपानदेव पाठ्यपुस्तकातली सावित्रीची गोष्ट घरात वाचत होता. आईने ती ऐकली आणि आपल्या बोलीत, आपल्या गाण्यात बांधून टाकली, अशी आठवण सांगतात. मुलाने त्या गाण्याला हसण्याऐवजी ते उतरवून घेतलं, आणि पुढे आचार्य अत्र्यांच्या हाती ते बाड पडल्यावर त्यांनी त्याचं मोल ओळखलं. १९५२ साली कविता पुस्तकरूपाने आल्या. आज त्याच लेवा बोलीतल्या कविता पाठ्यपुस्तकांत आहेत. केवढी गंमत आहे पाहा. पुस्तकात छापून आलेली बोली आपण मुलांकडून पाठ करून घेतो आणि त्याच वर्गात कुणी तसं बोललं तर त्याला सुधारतो. बोली मेलेल्या कवयित्रीची असली की रसाळ, जिवंत पोराची असली की अशुद्ध!

पालकांनाही यातून सूट नाही. ‘आमच्या बंटीला मराठी अजिबात जमत नाही हो,’ हे वाक्य आपल्याकडे तक्रारीच्या सुरात सुरू होतं आणि कौतुकाच्या सुरात संपतं. इंग्रजी शिकवा, उत्तम शिकवा. पण आजीशी मनातलं बोलता न येणाऱ्या मुलाला परक्या भाषेतली कादंबरी तरी कुठून भिडणार? ज्याला एका भाषेतल्या शब्दामागचा चिखल, वास आणि कंदील दिसतो, त्यालाच दुसऱ्या भाषेतलाही दिसतो. मी पुढे इंग्रजी कथा वाचल्या, रशियन कादंबऱ्यांचे अनुवाद वाचले. त्या परक्या गावांत शिरायची वाट मला खाडीवरच्या त्या उघाडीतूनच मिळाली.

सरकारने आपल्या परीने कायदे केले. २०२० मध्ये राज्यातल्या सर्व शाळांत मराठी शिकवणं सक्तीचं झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, पेढे वाटले गेले. दोन्ही गोष्टी चांगल्याच. पण सक्तीने भाषा वेळापत्रकात येते, मनात येत नाही. दर्जा भाषेला मिळतो, तो बोलणाऱ्या पोराला मिळतोच असं नाही. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिन साजरा होतो. कपाटातली पुस्तकं टेबलावर मांडून फोटो काढले जातात आणि संध्याकाळी ती पुन्हा कुलपात जातात. हरवली तर भरपाई कोण देणार, ही गुरुजींची धास्ती मला समजते. पण मुलांच्या हाती झिजून फाटलेलं पुस्तक शाळेची शोभा आहे. वीस वर्षं कोरं करकरीत राहिलेलं पुस्तक ही शाळेची नाचक्की आहे. दप्तर तपासायला येणाऱ्या साहेबांनी हा हिशेब उलटा करायला हवा.

माझं मागणं फार मोठं नाही. आठवड्यातला एक मराठीचा तास असा असावा, ज्यात शिक्षकाने मोठ्याने वाचावं आणि नंतर एकही प्रश्न फळ्यावर लिहू नये. कपाटांची कुलपं काढावीत. आणि प्रत्येक शाळेत एक जाड वही असावी, गावशब्दांची. मुलांनी घरून शब्द आणावेत, ज्याच्या घरून आला त्याचं नाव शब्दापुढे लिहावं. बांधावरचे, जाळ्यातले, चुलीपुढचे, वीटभट्टीवरचे. वर्षअखेर ती वही पुढच्या वर्गाच्या हाती द्यावी. पनवेल, उरणच्या शाळांत तर हे काम तातडीने व्हायला हवं, कारण इथे शब्दांपायाखालची जमीनच निघून गेली आहे. १९७० साली सिडको स्थापन झाली आणि नव्या शहरासाठी इथल्या गावांच्या जमिनी संपादित होत गेल्या. खारजमिनी बुजल्या, आगरं बुजली. ऑक्टोबर २०२५ मध्ये ज्या विमानतळाचं उद्घाटन झालं, त्याच्या धावपट्टीच्या परिसरातून उलवे नदीचा प्रवाह वळवावा लागला, टेकडी कापावी लागली, गावं उठवावी लागली. जमीन परत येणार नाही, मोबदल्याचा हिशेब न्यायालयं करतील. पण उघाडी, खांड, भांग या शब्दांचा मोबदला कुणाच्या यादीत आहे?

आणि आता ती गोष्ट सांगायला हवी, जी सांगायला मला लाज वाटते. त्या तासाने मला पुस्तकं दिली. ज्याने तो तास दिला, त्याला काय मिळालं? पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली. नव्या तासांना पुन्हा प्रश्नोत्तरं आली, शेवटचा बाक पुन्हा गप्प झाला. तो दहावीला इंग्रजीत नापास झाला आणि त्याने शाळा सोडली. मग कित्येक वर्षं त्याने डंपर चालवला. टेकड्यांची माती आणून खाडीकाठची शेतं भरायची, हेच त्याचं काम. ज्या बांधाची गोष्ट सांगून त्याने साठ पोरांना गप्प केलं होतं, तो बांध बुजवण्याच्या खेपा त्याच्या वाट्याला आल्या. एक चांगला तास पुरत नाही. एक चांगल्या बाई पुरत नाहीत. चांगुलपणा योगायोगावर सोडला की त्याचा लाभ माझ्यासारख्या आधीच सुस्थितीत असलेल्या पोरांना होतो. खरा हक्कदार बाकावरच राहतो.

गेल्या पावसाळ्यात तो मला भेटला. केस पांढरे, हातात फोन, शेजारी नववीतली मुलगी. इंग्रजी शाळेत जाते, चुणचुणीत आहे. बोलता बोलता मी त्या तासाची आठवण काढली. तो हसला. खरं तर त्याला ती तितकीशी आठवत नव्हती. मुलीने मात्र विचारलं, ‘उघाडी म्हणजे काय हो, काका?’

मी लेखक माणूस. लगेच सांगायला लागलो, की उघाडी म्हणजे बांधातलं लाकडी दार, भरती आली की गावातला माणूस जाऊन ते बंद करतो…

‘तसा नाय,’ तो म्हणाला आणि माझ्या हातातली छत्री घेऊन तिच्या टोकाने ओल्या मातीत बांधाची रेघ ओढू लागला. मुलगी वाकून बघत होती.